यंदा कंपनी येणार काय?

श्रावणातील नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण झाला, पावसाळाभर किनाऱ्यावर झापांखाली निजलेली तारवे पुन्हा पाण्यात लोटली गेली आणि जयगडच्या खाडीबाहेर मुंबईहून येणाऱ्या आगबोटीचा धूर दिसू लागला, म्हणजे गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे या सागरतीरीच्या गावांतील नाट्यप्रेमी मंडळींच्या बैठकीत एका प्रश्नाला तोंड फुटे: यंदा रत्नागिरीस कोणती कंपनी येणार, आणि तिच्याबरोबर तिचा तो नामांकित गायक नट येणार की नाही? मराठी रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटकांच्या प्रथम प्रयोगांच्या तिथी टिपल्या, पदांच्या चाली कोणी दिल्या याची शहानिशा केली, कंपन्यांच्या फाटाफुटीचे वृत्तांत दिले. परंतु ज्या गावी कंपनी फारशी आलीच नाही, तेथे तिची वाट किती काळ आणि कोणत्या आशेने पाहिली जात होती, याचा इतिहास कोणी लिहिला नाही. माझ्या मते तोही रंगभूमीचाच इतिहास आहे. तो लिहिण्यास गणपतीपुळ्याइतके योग्य ठिकाण थोडेच सापडेल, कारण या गावाच्या तीन अंगांना डोंगर, नद्या व खाड्या होत्या आणि चौथ्या अंगास समुद्र.

येथील स्वयंभू गणपती पश्चिमाभिमुख असून पाठीमागचा डोंगर हेच देवाचे रूप मानले जाते आणि म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसून साऱ्या डोंगराला घालावी लागते, हे यात्रेकरूंना ठाऊक असतेच. पेशवाईत बुंदेलखंडाची मामलत सांभाळणारे गोविंदपंत खेर, ज्यांना इतिहास गोविंदपंत बुंदेले म्हणून ओळखतो, ते शेजारच्या नेवरे गावचे. आणि या देवस्थानाच्या बांधकामात त्यांचा हात होता, अशी परंपरा सांगते. पलीकडे मालगुंड, कवी केशवसुतांचे जन्मगाव. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीस निवर्तले, आणि त्याच 1905 साली नारायण श्रीपाद राजहंस हा सतरा वर्षांचा मुलगा किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेत उभा राहिला. या योगायोगाला मी काही अर्थ चिकटवू इच्छित नाही. परंतु मालगुंडच्या वाटेवरून जाताना तो आठवल्यावाचून राहत नाही.

रत्नागिरी येथून किनाऱ्याने जवळ, पण आरे-वाऱ्याच्या खाडीवर पूल होण्यापूर्वी ती जवळीक नकाशातच होती. तरीवरून खाडी ओलांडून पायी जावे किंवा जाकादेवीच्या बाजूने घाट चढून बैलगाडीने लांबचा पल्ला मारावा, एवढेच दोन मार्ग. ज्याला नाटक पाहावयाचे असे, तो दुपारची जेवणे आटोपून निघे, रात्रभर चालणारा खेळ पाही, पहाटे चहा घेऊन परते आणि दुसरे दिवशी शेतावर किंवा कचेरीत डोळे चोळीत बसे. सामानसुमानासह प्रवास करणाऱ्या कंपनीची अडचण याहून मोठी. देशावरील मुक्कामांना आगगाडी होती. पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी, नागपूर, इंदूर, बडोदे या शहरांत पडद्यांच्या गुंडाळ्या, पोशाखांच्या ट्रंका, पेटी, तबले, स्वयंपाकाची भांडी आणि पन्नास-साठ माणसे वाघिणींतून नेता येत. कोकणात आगगाडी आली ती 1998 साली. त्यापूर्वीचे सारे शतक बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींवर आणि नंतर घाटातल्या मोटारींवर गेले. आगबोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, पडाव तिच्या कडेला जाऊन भिडत, आणि लाटेचा अंदाज घेत खलाशी माणसे व माल हातोहात उतरवून घेत. राजवाड्याचा रंगविलेला पडदा खाऱ्या पाण्यात भिजला, तर त्याची भरपाई कोणती बंदरकचेरी देणार? म्हणून मोठ्या मंडळ्यांचे मालक कोकणचा मुक्काम ठरविताना दहादा जमाखर्च मांडीत. ज्येष्ठाच्या मध्यापासून आगबोटी बंद, म्हणजे वर्षातले तीन महिने प्रश्नच नाही; भाताची कापणी होईपर्यंत लोकांच्या हाती पैसा नाही; शिमग्यात ज्याचा-त्याचा देव पालखीत; राहता राहिले थंडीचे दोन-अडीच महिने. त्या अवधीत कंपनी आली तर आली.

याच भूमीत नाटकाची आधीची जी परंपरा होती, तिच्यात वाट पाहण्याला अनिश्चिततेचा स्पर्श नव्हता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. दशावतार कोकणात आणण्याचे श्रेय परंपरा राजापूर तालुक्यातील आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांना देते आणि त्यासाठी 1728 हे साल सांगते. दशावताराची जत्रा तिथीला बांधलेली. खेळ्यांचे नमन शिमग्याला बांधलेले. भाद्रपदात जाखडीचा नाच गणपतीसमोर व्हावयाचाच. नाचणारा म्हातारा झाला तर त्याच्या जागी दुसरा उभा राही, आणि संकासुराच्या मुखवट्याआड यंदा कोण आहे, याने पाहणाऱ्याच्या श्रद्धेत तिळमात्र फरक पडत नसे. 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीस सीतास्वयंवर केले, आणि 31 ऑक्टोबर 1880 रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यास शाकुंतल उभे केले, तेव्हापासून मराठी माणसाला तिकीट काढून नाटक पाहण्याची सवय लागत गेली. तिकिटाबरोबर नटाचे नाव आले. नावाबरोबर त्या नावाची आस आली, आणि आस आली तेथे तर्कही आलाच. तिथीवर येणाऱ्या देवाच्या खेळाबद्दल कोणी तर्क करीत नाही. तो माणसाबद्दल करावयाचा असतो, कारण माणूस आजारी पडतो, कर्जात बुडतो, रुसतो, आणि वृद्ध होतो.

या आशेचा परमोत्कर्ष बालगंधर्वांच्या, म्हणजे त्याच नारायण राजहंसांच्या, बाबतीत झाला. 12 मार्च 1911 रोजी मुंबईस मानापमानाचा पहिला प्रयोग लागला, त्याच दिवशी त्यांची कन्या गेली, आणि तरीही जमलेला प्रेक्षक परत धाडावयाचा नाही म्हणून ते भामिनी होऊन रंगभूमीवर आले, ही हकीकत महाराष्ट्रातल्या घराघरांत सांगितली जाते. प्रेक्षकांशी त्यांनी जो करार त्या रात्री केला तो आयुष्यभर मोडला नाही, एवढे मात्र मी माझ्याकडून जोडतो. 1913 साली गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी निघाली. 1916 साली स्वयंवर आले, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. 1919 साली, नाटककार गडकऱ्यांच्या मृत्यूला महिनाही लोटला नव्हता तोच, एकच प्यालाचा प्रयोग बडोद्यास झाला. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष. पडदे मखमलीचे, अत्तर अस्सल, पैठण्या अस्सल. आणि भागीदार एक-एक करून निघून गेल्यावर साचलेले कर्ज नारायणरावांनी स्वतःच्या शिरावर घेतले व ते गाऊनच फेडीत राहिले. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत त्यांनी ललितकलादर्श मंडळीच्या केशवराव भोसल्यांसह संयुक्त मानापमान केले, केशवराव धैर्यधर व ते भामिनी. हा योग पुन्हा कधी, असे लोक विचारू लागतात तोच 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. उणेपुरे तीन महिनेही मध्ये गेले नव्हते. मराठी प्रेक्षकाला आपल्या आशेचा असा रोकडा भंग त्यापूर्वी क्वचितच पाहावा लागला असेल.

गणपतीपुळ्यासारख्या गावी ही सारी वार्ता कशी पोहोचे? मुख्यतः चाकरमान्यांकडून. गिरगावातल्या खोलीत दहा-बाराजण मिळून राहणारा, गिरणीत किंवा पेढीवर काम करणारा गावकरी गणपतीला किंवा शिमग्याला घरी येई तो एक नाटक पाहून आलेला असे, आणि त्याने दहादा सांगितलेल्या त्या एका रात्रीवर सारी वाडी वर्षभर जगे. नंतर टपाल. दैनिके शिळी होऊन येत, रत्नागिरीची बळवंत, सत्यशोधक ही साप्ताहिके मात्र हाताशी होती. 1924 ते 1937 या काळात सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असल्याने तेथील वर्तमानपत्रांकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष असे, आणि त्यांचे संन्यस्त खड्ग हे नाटक 1931 साली मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने मुंबईत रंगभूमीवर आणले तेव्हा रत्नागिरीकरांना त्या मंडळीचा अभिमान घरच्यासारखा वाटला.

पण या साऱ्यांहून प्रभावी साधन होते ते तबकडीचे. खोताच्या ओसरीवर किंवा एखाद्या सधन चाकरमान्याच्या घरी ग्रामोफोन आला, की वाडीतली माणसे अंगणात बसत. चावी दिली जाई, सुई बदलली जाई, आणि तीन-साडेतीन मिनिटांत स्वयंवरातली रुक्मिणी, मानापमानातली भामिनी किंवा एकच प्यालातली सिंधू येऊन जात असे. तबकडीची एक बाजू पुरी झाली की काही क्षण फक्त खरखर ऐकू येई. तेवढ्यात घरातला शिकलेला मुलगा चटकन हात पुढे करून सुई उचले, कारण सुई झिजली म्हणजे नवी आणावयास रत्नागिरीस जावे लागे. ज्यांनी बालगंधर्वांना जन्मात पाहिले नाही, त्यांनाही त्यांच्या लकबी, श्वास घेण्याची जागा, शब्द सोडण्याची रीत तोंडपाठ झाली. यात एक गूढ अन्यायही दडला होता. तबकडीतला आवाज तिशीतला. आणि तो गाणारा मनुष्य पुढे चाळिशी, पन्नाशी गाठीत गेला. दूरच्या श्रोत्याने नटाला ओळखले ते कायम तरुण, आणि म्हणून त्याचा प्रश्न पुण्या-मुंबईच्या रसिकाच्या प्रश्नाहून निराळा होता. शहरातला रसिक विचारी, ‘नारायणराव आता गातात कसे?’ गणपतीपुळ्याच्या ओसरीवरचा विचारी, ‘नारायणराव आमच्याकडे येणार केव्हा?’

1931 साली आलम आरा आला, पुढल्याच वर्षी प्रभातचा अयोध्येचा राजा आला, आणि ज्या थिएटरांत कंपन्यांचे महिने महिने मुक्काम पडत, ती एकामागून एक बोलपटांना भाड्याने जाऊ लागली. 1934 च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळीने आपला संसार आवरला. 1935 साली शांतारामबापूंच्या धर्मात्मा या प्रभातच्याच चित्रपटात बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत दिसले. दाढीमिशांतले, पुरुषवेषातले, समोर प्रेक्षक नसताना गाणारे. प्रभातशी असलेला संबंध त्या एका चित्रपटानंतर संपला. मग सुरू झाला तर्कांचा काळ. कर्ज फिटले, नवा भांडवलदार मिळाला, पुन्हा कंपनी काढणार, काढणार पण स्त्रीभूमिका करणार नाहीत, करणार पण फक्त पुण्या-मुंबईत, आवाज बसला, आवाज उलट अधिक गोड झाला: या प्रत्येक वार्तेला कोणीतरी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असेच, आणि तो साक्षीदार बहुधा पाहुण्याच्या पाहुण्याकडून ऐकलेला असे. काही तर्क खरे ठरले. त्यांनी पुन्हा माणसे जमविली, गोहरबाई कर्नाटकींच्या साह्याने प्रयोग केले, दौरे काढले, कमी माणसांत, जुन्या पडद्यांवर, कंत्राटी बोलीने; 1948 साली त्यांना साठ वर्षे पूर्ण झाली, आणि तरीही लोकांना सिंधू त्यांच्याच मुखातून हवी होती.

या उत्तरकाळाविषयी जाणकारांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो की त्यांनी वेळीच थांबावयास हवे होते; देहयष्टी उरली नव्हती, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या होत्या, 1933 साली आंधळ्यांची शाळा हे नव्या धाटणीचे नाटक रंगभूमीवर आल्यावर काळच पालटला होता, आणि त्या वैभवशाली स्मृतीला म्हाताऱ्या भामिनीने धक्का लावू नये. हा पक्ष विद्वानांचा आहे आणि सौंदर्यदृष्टीने तो निरुत्तर करणारा आहे. तरीही माझे मत दुसऱ्या पक्षाकडे झुकते. ज्याने वीस वर्षे वाट पाहिली, त्या दूरच्या प्रेक्षकाला तरुण भामिनी कधी दिसलीच नव्हती. त्याच्या वाट्याला जी आली ती वृद्धच. त्याला तिच्यातली वार्धक्याची खूण दिसली नाही असे नाही. ती त्याने पाहिली, आणि तीन मिनिटांच्या तबकडीत पाठ केलेली प्रत्येक जागा तिच्या मुखातून येते की नाही हे कान देऊन ऐकले. आली तेथे त्याने ‘वन्स मोअर’ दिला, नाही आली तेथे मनात स्वतःच ती पुरी केली. अशा ऐकणाऱ्याच्या पुढे जाऊन उभे राहणे हा त्या कलावंताचा लोभ होता, असे मी म्हणणार नाही. त्यात उपजीविकेची निकड होती, हे उघड आहे. परंतु 12 मार्च 1911 चा करारही होता.

हा प्रसंग एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. फ्रान्सची नटी सारा बर्नहार्ट 1915 साली पाय कापावा लागल्यावरही रंगभूमीवर येत राहिली आणि त्यानंतर तिने अमेरिकेचा दौरा केला. तिचे एकाहून अधिक दौरे अखेरचे म्हणून जाहीर झाले आणि लोक प्रत्येक वेळी तिकिटे काढीत. आजच्या युगात रॉक संगीताचे पाश्चात्य वाद्यवृंद याच वाटेने गेले आहेत. लेड झेपेलिनने 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनमध्ये एक रात्र पुन्हा एकत्र येऊन वाजविले आणि तेव्हापासून त्यांच्या चाहत्यांचा दुसऱ्या रात्रीविषयीचा तर्क थांबलेला नाही. रोलिंग स्टोन्स हा 1962 साली निघालेला वृंद ऐंशी उलटलेल्या गायकाला घेऊन दौरे काढतो. विलायतेतल्या त्या तरुण चाहत्यांना आपल्या पिढीचे हे वाट पाहण्याचे दुःख नवे वाटत असेल. मालगुंडच्या ओसरीवर ते पूर्वीच येऊन बसले होते.

ललितकलादर्शची कथा मात्र वेगळी निघाली, आणि तीही सांगितलीच पाहिजे. केशवरावांनी 1908 साली हुबळीस काढलेली ही मंडळी त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी चालविली, मामा वरेरकरांचे सत्तेचे गुलाम 1922 साली याच मंडळीने केले. मामा मूळ चिपळूणचे, टपालखात्यात चाकरी करून नाटके लिहिणारे, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचे. 1937 साली बापूराव गेले आणि कंपनी मिटली. तिच्याही बाबतीत तोच प्रश्न: पुन्हा निघणार काय? त्याला उत्तर मिळाले ते बापूरावांच्या मुलाकडून. भालचंद्र पेंढारकरांनी 1942 साली ती पुन्हा उभी केली, 1957 साली दुरितांचे तिमिर जावो आणले, 1960 साली पंडितराज जगन्नाथ. कंपनी ही नावाची व निष्ठेची वस्तू असल्याने तिला वारस मिळू शकतो. आवाजाला तो मिळत नाही. बालगंधर्वांच्या मागे त्यांची पदे अनेकांनी गायिली आणि उत्तम गायिली, तरी पुळ्याच्या ओसरीवरचा मूळ प्रश्न 15 जुलै 1967 रोजी कायमचा निकालात निघाला. त्यापूर्वी तीन वर्षे सरकारने त्यांना पद्मभूषण दिले होते. त्यानंतर वर्षभराने, 26 जून 1968 रोजी, पुण्यास त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले.

आणि तरीही रत्नागिरी तालुक्यात नाटकाची वाट पाहणे संपले नाही, कारण कंपनी न आल्याची उणीव गावांनी आपापल्या परीने भरून काढली होती. देवळाच्या उत्सवात, माघात किंवा त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास, देवळासमोरच्या अंगणात झापांचा मांडव पडे, गॅसबत्त्या टांगल्या जात आणि गावकरीच सौभद्र, मानापमान, संशयकल्लोळ उभे करीत. नाटके त्याच कंपन्यांची. चाली तबकडीवरून उचललेल्या. पेटीला शाळामास्तर, तबल्याला भजनातला बुवा, वस्त्रे घरातल्या लुगड्यांची. मुंबईचा चाकरमानी आठ दिवसांची रजा काढून तालमीला येई. एकाच गावात एकच गृहस्थ वीस-वीस वर्षे कृष्ण किंवा रुक्मिणी करीत असे, आणि साऱ्या पंचक्रोशीत त्याचे खरे नाव मागे पडून त्या भूमिकेचे नाव पुढे येई. मग त्याच्याही, म्हणजे गावच्या अण्णांच्याही, बाबतीत तो प्रश्न उठे. अण्णांना दम लागतो, यंदा अण्णा उभे राहणार काय? मुलाला पद बसविले म्हणतात, म्हणजे अण्णा नाहीत? उत्सवाचे मानकरी मंदिरात बसून जो निवाडा करीत, त्यात सरपंचाच्या निवडीहून अधिक गांभीर्य असे. शेवटी अण्णा पहिले दोन अंक करीत आणि तिसऱ्यात मुलगा उभा राही, किंवा अण्णा विंगेत पुस्तक घेऊन बसत आणि मुलाचा सूर ढळला की तेथूनच उचलून देत. संगीत नाटकाची आवड या जिल्ह्यात आजही जी टिकून आहे, राज्य नाट्यस्पर्धांतील संगीत नाटकांना रत्नागिरीत जो प्रेक्षक मिळतो, त्याचे मूळ या अंगणांत आहे, असे मला निश्चित वाटते.

या उत्सवांचे दस्तऐवज मात्र झपाट्याने नाहीसे होत आहेत. देवस्थानांच्या जमाखर्चाच्या वह्यांत ‘नाटक खर्च’ या सदराखाली गॅसबत्तीचे तेल, पडद्याचे भाडे, पेटीवाल्याचा विडा, मुंबईहून आलेल्यांच्या जेवणाचा शिधा अशा नोंदी असतात. घरांच्या माळ्यांवर पिवळी पडलेली हँडबिले, तालमीच्या हस्तलिखित नकला, भूमिका वाटून दिल्याच्या चिठ्ठ्या असतात. आणि घर विकले की पहिल्याने तेच जळण होते. गणपतीपुळ्यास येणारा पर्यटक वाढला, किनाऱ्यावर हॉटेले उठली, जुनी चौसोपी घरे पाडली जात आहेत. कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, कोणी कोणती भूमिका किती वर्षे केली, कोणत्या वर्षी ती सोडली आणि पुढल्या वर्षी पुन्हा घेतली, एवढी साधी यादी गावोगाव आजच केली पाहिजे. मालगुंडास केशवसुतांचे स्मारक उभे आहे, साहित्याची आस्था असलेली माणसे तेथे येत-जात असतात. या वह्या व हँडबिले एकत्र करून ठेवण्यास त्याहून सोयीची जागा या किनाऱ्यावर दुसरी नाही, आणि ज्यांच्या घरी ती आहेत त्यांनी ती यंदाच्या पावसाळ्यापूर्वी माळ्यावरून खाली उतरवावीत.